गाडी हळू चालवली की थरथरते: ऑगस्ट महिन्याच्या नोंदी

२ ऑगस्ट २०२५, शनिवार

आजपासून सगळं लिहून ठेवायचं ठरवलंय, कारण जुलै महिना नुसता अंदाजात गेला आणि पैसेही गेले. गाडी बाबांची, २०१३ ची पेट्रोल हॅचबॅक, १२०० सीसी, साधे पाच गिअर, ८७ हजार किलोमीटर झालेत. त्रास असा की गाडी हळू चालताना थरथरते. साताऱ्यात, गावात फिरताना, पोवई नाक्याकडे जाताना, मंडईत जाताना. हायवेला लागून साठ-सत्तर पकडले की थरथर बारीक होत होत नुसती घूं-घूं उरते आणि रस्त्याच्या आवाजात मिसळून जाते. मी कामाला बाईकने जातो, गाडी माझ्या हातात येते ती पुण्याला जायचं असलं तरच, त्यामुळे मला कळलंच नव्हतं.

कळलं आईला. तिच्या कमरेचं दुखणं जुनं आहे, गाडीतला बारीकसा हादरासुद्धा तिला आधी कळतो. ती पुढे बसते आणि दाराच्या खणात पाण्याची स्टीलची बाटली ठेवते. मागच्या रविवारी म्हणाली, "अरे ही बाटली बघ, हळू चाललं की टक-टक-टक वाजते, एका तालात. वेग वाढवलास की ताल वाढतो, थांबलास की थांबते. रस्ता खराब असता तर कशीही वाजली असती की." हे वाक्य मी तेव्हाच नीट ऐकायला हवं होतं.

जुलैत काय केलं ते: चारही चाकांचं बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट एका टायरच्या दुकानात करून घेतलं, काही फरक नाही. मग एका गॅरेजमध्ये दाखवली, त्यांनी एक चक्कर मारली आणि दोन्ही लोअर आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारे खालचे दांडे) आणि इंजिनची फाउंडेशनं (इंजिन ज्यांवर बसतं ते रबरी आधार) बदला म्हणाले, ११ हजारांचा अंदाज दिला. का बदलायची ते विचारलं तर "गाडी जुनी झाली, हेच असतं". मी नाही म्हणून घरी आलो.

गणपती २७ ऑगस्टला बसतायत आणि आम्हाला चिपळूणला आजोळी जायचंय, म्हणजे उंब्रज-पाटणमार्गे कुंभार्ली घाट उतरायचा, येताना चढायचा. त्याच्या आत गाडी नीट व्हायला हवी.

३ ऑगस्ट, रविवार

सकाळी साडेसहाला एमआयडीसीत गेलो, रविवारचा तिथला सरळ रस्ता रिकामा असतो. पाऊस रिमझिम होता पण रस्त्यावर पाणी साठलेलं नव्हतं. आज काहीही खोलायचं नाही, फक्त थरथर केव्हा येते आणि केव्हा येत नाही एवढंच लिहायचं असं ठरवून गेलो होतो.

गाडी उभी, न्यूट्रल, ८०० आरपीएमपासून ३००० पर्यंत हळूहळू रेस केली: काहीच नाही. एसी लावल्यावर अगदी किंचित, ती सगळ्याच जुन्या गाड्यांना असते. म्हणजे इंजिन मिस मारत नाही आणि फाउंडेशन पार बसलेलं असतं तर इथेच कळलं असतं.

चालती गाडी, ४० ला नेऊन क्लच दाबला, न्यूट्रल केली, रेस सोडली: थरथर तशीच्या तशी. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण इंजिन तोडलं गेलं, क्लच तोडला गेला, गाडी नुसती घरंगळत चाललीय तरी थरथरतेय, म्हणजे जे काही आहे ते चाकाबरोबर फिरणारं आहे.

हलका ब्रेक धरला: पेडलमध्ये धडधड नाही, थरथर वाढतही नाही. ब्रेकची डिस्क वाकलेली असती तर पायाला समजलं असतं. डावीकडे-उजवीकडे झोकांड्या दिल्या, घुर्रर आवाज कुठल्याच बाजूला वाढला नाही, म्हणून बेअरिंग तूर्तास बाजूला.

वेग: १५-२० ला सुरू होते, ३० ते ४० मध्ये सगळ्यात वाईट, स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलकं डुलतं, बारीक झिणझिण नाही, डुलणं.

आणखी एक, ज्याचा अर्थ अजून लागलेला नाही: परत येताना चढाला दुसऱ्या गिअरमध्ये रेस दाबली तेव्हा थरथर वेगळी वाटली, जास्त बारीक, सीटच्या खालून आल्यासारखी. रेस सोडली की जाते. नुसतं लिहून ठेवतो.

५ ऑगस्ट, मंगळवार

आईच्या "ताल" या शब्दावर दोन दिवस विचार करतोय. ताल म्हणजे मोजता येतं.

पार्किंगमध्ये पुढच्या टायरवर खडूने रेघ मारली, खाली जमिनीवर रेघ मारली, बाबांनी गाडी ढकलायला मदत केली आणि चाकाच्या बरोबर १० फेऱ्या होईपर्यंत लोटली. टेपने मोजलं तर १९ मीटर १० सेंटीमीटर. म्हणजे एका फेरीला १.९१ मीटर. टायर १६५/८० आर१४ आहे, कागदावर हिशोब केला तर व्यास ६२ सेंटीमीटर आणि घेर १.९५ मीटरच्या आसपास येतो, पण गाडीच्या वजनाने टायर खाली थोडा दबतो म्हणून चालताना कमी भरतो. मोजलेलाच आकडा धरायचा.

३६ च्या वेगाला गाडी सेकंदाला बरोबर १० मीटर जाते. १० भागिले १.९१ म्हणजे चाक सेकंदाला ५.२ वेळा फिरतं. १८ च्या वेगाला त्याच्या निम्मं, २.६. बाटली जर या हिशोबाने वाजत असेल तर चाकाच्या एका फेरीला एक ठोका, म्हणजे एखाद्या चाकात एका जागी काहीतरी उंच आहे किंवा वाकलंय.

बॅलन्सिंगने फरक का पडला नाही तेही आज डोक्यात नीट बसलं. वजनाच्या असमतोलाचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ९० ला जेवढा असेल त्याच्या नववा हिस्सा ३० ला. शिवाय ९० ला हेच चाक सेकंदाला १३ वेळा फिरतं आणि चाक सस्पेन्शनवर स्वतःहून उड्या मारतं ती गती साधारण १० ते १५ च्या दरम्यान असते, दोन्ही जुळतात म्हणून बॅलन्सिंग बिघडलं की ८०-१०० च्या पट्ट्यात स्टिअरिंग थरथरतं. आमची गाडी थरथरते ३० ला. म्हणजे आजार वजनाचा नाहीच, आकाराचा आहे, हे जुलैतच कळलं असतं तर बॅलन्सिंगचे पैसे वाचले असते. मशीनवर चाक हवेत फिरतं, त्याच्यावर गाडीचं वजन नसतं, मशीन फक्त कुठे किती ग्रॅम जड आहे ते सांगतं. वजनं मारून शून्य-शून्य आलं तरी टायर अंड्यासारखा असू शकतो.

९ ऑगस्ट, शनिवार

राखी. ताई आणि दाजी आले होते. जेवण झाल्यावर दाजींना म्हटलं, तुम्ही गाडी चालवा, मी मोजतो. त्यांना अशा कामाची आवड आहे, लगेच उठले.

मोबाईलमध्ये फायफॉक्स नावाचं ॲप टाकलं, जर्मनीतल्या आखेनच्या तांत्रिक विद्यापीठातल्या लोकांनी केलंय, फुकट आहे. मोबाईलच्या आतला जो हालचाल मोजणारा सेन्सर असतो त्याचे आकडे ते दाखवतं आणि त्यातून कुठली थरथर सेकंदाला किती वेळा होते त्याचा आलेखही काढतं. पहिल्यांदा मोबाईल हातात धरला, आलेखात नुसता गोंधळ, कारण हात सगळं शोषून घेतो. मग सीटच्या रुळाचा बोल्ट जमिनीला जिथे बसतो त्याच्या शेजारी दुहेरी चिकटपट्टीने घट्ट चिकटवला. तेव्हा चित्र स्वच्छ आलं. वेग दुसऱ्या मोबाईलवर जीपीएसने धरला, कारण गाडीचा काटा जास्त दाखवतो, काट्यावर ३९ असतात तेव्हा खरे ३६ असतात.

दाजींनी ३६ धरून ठेवले, अर्धा मिनिट. आलेखात एकच उंच टोक, ५.२ वर. मग १८: टोक सरकून २.६ वर. मग २७: साधारण ३.९. तिन्ही वेळा हिशोबाच्या अगदी जवळ. दाजी रस्त्यावरून नजर न काढता विचारत होते "आलं का, आलं का", आणि मी ५.२ म्हटल्यावर त्यांनी स्टिअरिंगवर थाप मारली.

म्हणजे नक्की झालं, चाकाच्या प्रत्येक फेरीला एक धक्का. टायर, रिम किंवा हब (चाक ज्यावर बसतं तो फिरणारा भाग). लोअर आर्म सैल असता तर खड्ड्यात खडखड झाली असती, सपाट रस्त्यावर ३६ ला घड्याळासारखा एक ठोका त्याने दिला नसता. ११ हजार वाचले.

जाता जाता तो चढाचा प्रकार पण मोजायचा होता पण पाऊस जोरात आला. राहिला.

१० ऑगस्ट, रविवार

दाजी मुक्कामालाच होते. आता चारांपैकी कुठलं चाक? सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे चाकांची जागा बदलून बघायची, एक रुपया लागत नाही. जॅक, पाना, उचललेली गाडी टेकवायला दोन घोड्या, आणि हँडब्रेक लावून मागच्या चाकांना विटा.

आधी पुढची दोन्ही चाकं मागे आणि मागची पुढे. चक्कर मारली. स्टिअरिंग एकदम शांत! पण आता मागची सीट डुलायला लागली, मागे बसलेल्या ताईने लगेच सांगितलं. बरं झालं, रोग चाकाबरोबर मागे गेला, म्हणजे हब आणि डिस्क सुटले, चाकातच आहे. मग मागचं उजवं (जे आधी पुढचं उजवं होतं) काढून तिथे स्टेपनी लावली. चक्कर मारली. गाडी पाण्यासारखी. आई अंगणात होती, तिला बसवून गल्लीच्या टोकापर्यंत नेलं, बाटली गप्प.

स्टेपनी २०१३ पासून डिकीत होती. वीस मिनिटांत ती एकेका चाकाच्या जागी लावून बघितली असती तर पहिल्याच दिवशी हा प्रश्न सुटला असता. पुढच्या वेळी पहिलं काम तेच.

पण नुसतं "हे चाक" एवढ्यावर समाधान होईना, काय झालंय ते बघायचं होतं. ते चाक परत पुढे लावलं, गाडी घोडीवर घेतली, टायरच्या समोर वीट ठेवून विटेवर स्क्रूड्रायव्हर आडवा बांधला, त्याचं टोक टायरला जवळजवळ टेकेल असं, आणि चाक हाताने सावकाश फिरवलं. आधी रिमच्या काठाला टोक लावून बघितलं, रिम सरळ, कुठेच फट बदलत नाही. मग टायरच्या माथ्यावर. फेरीच्या बहुतेक भागात करंगळीच्या निम्म्याएवढी फट आणि एका जागी आल्यावर टोक रबराला घासून कर्रर. फूटपट्टीने मोजलं तर ५ मिलीमीटरचा फरक. दुसऱ्या पुढच्या चाकाचा बघितला, १ मिलीमीटरसुद्धा नाही. एक-दीडपर्यंत चालतं.

त्या जागेवर तळहात फिरवला. तिथे टायर पोळीसारखा फुगलेला आहे, साधारण वीतभर लांबीत, आणि त्या उंचवट्यावरच्या दोन ठोकळ्यांची नक्षी बाकीच्यांपेक्षा जास्त झिजून रबर गुळगुळीत, चकाकतं झालंय. डोळ्यांनी सहज दिसत नाही, हाताला मात्र लगेच लागतं. आतल्या बाजूला, जी गाडी उभी असताना कधीच दिसत नाही, तिथे भिंतीवर एक बारीक चीर. आतले स्टीलचे पट्टे एकमेकांपासून सुटलेत.

याच टायरवर आम्ही जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पुण्याला जाऊन आलो, आई-बाबांना घेऊन, खंबाटकीच्या बोगद्यातून ८० ने. पट्टे सुटलेला टायर अशा वेगात कधीही फुटू शकतो आणि तो पुढचा होता. दाजी काही बोलले नाहीत, मीही नाही. चाक तिथेच काढून बाजूला ठेवलं, स्टेपनी लावली.

१२ ऑगस्ट, मंगळवार

टायरवाल्याकडे. कडेवरचे शेवटचे चार आकडे १५१८, म्हणजे २०१८ सालचा १५ वा आठवडा. सात वर्षं झाली. नक्षी अजून बरी होती म्हणून बाबांना वाटायचं टायर चांगलाय, आणि बऱ्याच लोकांना तसंच वाटतं, पण रबर आतून म्हातारं होतं आणि त्यात एखादा खोल खड्डा बसला की पट्टे सुटतात. गेल्या वर्षीच्या पावसात कोरेगाव रस्त्यावर एक जोरदार बसल्याचं बाबांना आठवतंय.

चारही टायर एकाच वर्षीचे निघाले. पुढचे दोन नवीन घेतले, मागच्या दोघांवर हात फिरवून, फिरवून बघून तूर्त ठेवले, दिवाळीत बदलू. दुकानदार भाऊंना जुना टायर दाखवला तर त्यांनी तो उभा करून वरून हाताने दाबला आणि म्हणाले, "बॅलन्सिंगच्या मशीनवर असताना समोरून उभं राहून बघायचं, माथा वर-खाली होतो तो दिसतो, पण कोण बघतंय." मी यावेळी मशीनसमोर उभं राहून दोन्ही नवीन टायर फिरताना बघितले. माथा स्थिर. हवा चारही चाकांत ३०.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

सुट्टी. सकाळी झेंडावंदन करून आई-बाबांना घेऊन यवतेश्वरच्या घाटाने वर निघालो. खाली गावात गाडी अगदी मऊ, ३६ ला आलेखातलं ५.२ चं टोक गेलंय. आई खूश होती.

घाट सुरू झाला, दुसरा गिअर, रेस दाबली आणि परत थरथर. डुलणं नाही, बारीक आणि जलद, पायाखालच्या पत्र्यातून. बाबा म्हणाले, "गेली नाही का रे?" मला ३ तारखेची नोंद आठवली. हा दुसराच आजार आहे, पहिल्याच्या आडोशाला लपून बसलेला. टायरची थरथर एवढी मोठी होती की ही तिच्यात झाकली जायची, फक्त चढाला तोंड वर काढायची.

वर पोचून गाडी लावली, मक्याची कणसं खाल्ली, सगळीकडे धुकं होतं. उतरताना काहीच थरथर नाही, एकदाही नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

आज त्या दुसऱ्या आजाराचा दिवस. यवतेश्वर घाटाचा सुरुवातीचा चढ, पहाटे, शेजारचा कॉलेजला जाणारा मुलगा मोबाईल बघायला बरोबर.

दुसरा गिअर, जीपीएसवर ३०, रेस अर्धी दाबलेली: टोक १३ वर. चाक या वेगाला सेकंदाला ४.४ वेळा फिरतं. १३ भागिले ४.४, जवळजवळ बरोबर ३. चाकाच्या एका फेरीला तीन धक्के.

तोच चढ, तोच ३० चा वेग, तिसरा गिअर: इंजिनची गती बरीच उतरली, तरी टोक १३ वरून हललं नाही. यासाठीच गिअर बदलून बघितला, कारण इंजिन मिस मारत असतं तर त्याच्या धक्क्यांची गती इंजिनबरोबर बदलली असती. वेग तोच आणि टोकही तेच, म्हणजे इंजिन सुटलं.

रेस सोडली: टोक गायब. परत दाबली: हजर. मागे बाबा आणि काका बसलेले असताना आणखी जास्त जाणवतं.

एका फेरीला तीन, आणि फक्त जोर लावल्यावर. रात्री एक्सलचं चित्र काढत बसलो तेव्हा उत्तर समोर दिसलं. ड्राइव्ह शाफ्टला, ज्याला गॅरेजमध्ये सगळे एक्सलच म्हणतात, दोन सांधे असतात. बाहेरचा चाकाजवळ, आतला गिअरबॉक्सजवळ. बाहेरचा गेला की पूर्ण स्टिअरिंग वळवून निघताना कट-कट-कट आवाज येतो, तो आमच्याकडे नाही. आतला सांधा म्हणजे तीन बाजूंना तीन रोलर असलेला ट्रायपॉड, आणि तो ज्या कपात बसतो त्याला आतून तीन खाचा. गाडी वर-खाली होते तसे हे रोलर खाचांत पुढे-मागे सरकतात. खाचांत खड्डे पडले की जोर लागल्यावर रोलर तिथे अडकत-सुटत जातात आणि एका फेरीत तीन वेळा शाफ्ट आडवा ढकलला जातो. मागे माणसं बसली की गाडीचं नाक उचलतं, शाफ्टचा कोन वाढतो, म्हणून जास्त. सगळं जुळतंय.

३ तारखेची सगळ्यात महत्त्वाची म्हणून लिहिलेली चाचणी, न्यूट्रल करून बघायची, तिने टायर पकडून दिला पण हा आजार तिच्यात दिसणारच नव्हता, कारण न्यूट्रलमध्ये एक्सलवर जोरच नसतो. एकाच चाचणीवर विसंबून चालत नाही ते असं.

१८ ऑगस्ट, सोमवार

संध्याकाळी टॉर्च घेऊन गाडीखाली. डावा आतला बूट (सांध्यावरचं, ग्रीस आत धरून ठेवणारं रबरी आवरण) कोरडा. उजव्या आतल्या बुटाच्या लहान क्लिपेजवळ वळीत नखाएवढी चीर आणि शेजारच्या पत्र्यावर ग्रीसचे काळे शिंतोडे. शाफ्ट हाताने वर-खाली हलवला, डाव्याला किंचित, उजव्याला चांगलाच खुळखुळा.

२० ऑगस्ट, बुधवार

हे काम घरी करायची माझी तयारी नाही, हबचा नट माझ्या पान्याने हलणार नाही. बाबांच्या ओळखीच्या जुन्या गॅरेजात गेलो, तिथले चाचा चाळीस वर्षं हेच काम करतायत. त्यांना नुसतं "थरथरते" असं न सांगता या वहीतलं सगळं वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, म्हणाले, "एका चक्करला तीन? बेटा, मग ट्रायपॉडच. चल, मला चढावर ने." एक ट्रायल मारली, दुसऱ्या गिअरमध्ये रेस दाबली-सोडली तीनदा, आणि हो म्हणाले. त्यांना मोबाईल लागला नाही.

मी अर्धा दिवस रजा टाकली आणि बघत उभा राहिलो. आधी गाडी जमिनीवर असतानाच हबच्या नटाचा ठोकलेला काठ छिन्नीने सरळ केला आणि लांब पाइप लावून नट सैल केला. मग गिअर ऑइल खाली काढलं, लोअर आर्मचा बॉल जॉइंट सोडला, हब बाहेर ओढून शाफ्टचं टोक सोडवलं, आणि टॉमीने, म्हणजे लोखंडी पहारीने, गिअरबॉक्सच्या बाजूला एक हिसका. शाफ्ट बाहेर.

बूट कापला. आतलं ग्रीस ग्रीस राहिलंच नव्हतं, पातळ, काळपट, चहाच्या चोथ्यासारखं, आणि बोटांत चोळलं तर रवाळ लागलं, म्हणजे त्यात माती आणि लोखंडाची भुकटी. पावसाचं पाणी त्या चिरेतून आत जात राहिलं. चाचांनी कप डिझेलने धुतला आणि माझ्या हातात दिला, म्हणाले नख फिरव. तिन्ही खाचांच्या एकाच बाजूला, जिकडून गाडी पुढे ओढली जाते त्या बाजूला, नख अडकेल असा खड्डा, आणि त्याच्या दोन्ही काठांना उंच कड. दुसरी बाजू अजून आरशासारखी. मागे जाताना तीच वापरली जाते आणि रिव्हर्समध्ये गाडी कधीच थरथरली नव्हती.

पर्याय दोन होते, अख्खा रिपेअर केलेला एक्सल बसवायचा किंवा आतला सांधा, कप, ट्रायपॉड, बूट, ग्रीस असा नवीन संच. चाचांचं म्हणणं, बाहेरचा सांधा चांगला असताना तो कशाला फेकायचा. मलाही पटलं. संच त्यांच्याकडे नव्हता, परवा येईल म्हणाले. गाडी तिथेच.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

संच आला. ग्रीस पाकिटातलं सगळं भरलं, अर्धं कपात आणि अर्धं बुटात. बूट बसवल्यावर चाचांनी क्लिप आवळायच्या आधी स्क्रूड्रायव्हर घालून आतली हवा काढली, नाहीतर बूट फुगून पुन्हा घासतो म्हणे. गिअरबॉक्सच्या तोंडाची ऑइल सील नवीन, कारण शाफ्ट काढला की जुनी सील पुन्हा तेवढी धरत नाही. नवीन गिअर ऑइल. हबला नवीन नट, टॉर्क पान्याने आवळून काठ परत ठोकला. डाव्या बाजूला फक्त बूट तपासला, चांगला आहे.

खर्च सगळा मिळून: दोन टायर ९ हजार ६००, एक्सलचं काम सामानासकट ५ हजार १००. जुलैतला ११ हजारांचा अंदाज मान्य केला असता तर ते जाऊन हेही लागलेच असते, आणि मधल्या काळात तो टायर पुढेच राहिला असता. ते जास्त लागतं मनाला.

२४ ऑगस्ट, रविवार

तोच चढ, तोच ३० चा वेग, मोबाईल त्याच बोल्टशेजारी. १३ वर काही नाही. तिसऱ्या गिअरमध्ये नाही. मागे बाबा, काका आणि शेजारचा मुलगा असे तिघं बसवले, तरी नाही. आलेख आता गवतासारखा सपाट आहे, रस्त्याची बारीक खरखर फक्त.

ताईला आणि दाजींना आलेखाचा फोटो पाठवला. दाजींचा लगेच फोन, "१३ गेला का?"

२६ ऑगस्ट, मंगळवार

सकाळी सहाला निघालो. पाटणच्या पुढे पाऊस, कोयनानगरला धुकं, कुंभार्ली घाट उतरताना वीस-पंचवीसचा वेग. जुलैत हाच वेग असह्य झाला होता. आई पुढच्या सीटवर झोपली. गाडीत ती कधी झोपत नाही.

३ सप्टेंबर, बुधवार

गौरी-गणपती करून काल रात्री परत आलो. येताना घाट पूर्ण दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये चढलो, गाडीत चार माणसं, डिकीत तांदळाची गोणी आणि नारळ. कुठे थरथर नाही. आज पुढची दोन्ही चाकं उचलून उजव्या बुटाच्या क्लिपा बघितल्या, कोरड्या. सीलजवळ ऑइलचा थेंब नाही. नवीन टायरच्या माथ्यावर तळहात फिरवला, सारखा. मागच्या दोन्ही जुन्या टायरवरही फिरवला, डाव्याच्या आतल्या बाजूला एक जागा मला किंचित उंच लागली, विटेवर स्क्रूड्रायव्हर बांधून मोजली तर २ मिलीमीटर. दिवाळीपर्यंत थांबत नाही, शनिवारी दोन्ही बदलतोय.